ताप उतरल्यानंतर



ताप उतरला म्हणजे दुखणें गेलें, असा आपल्या घरोघरचा समज आहे. थर्मामीटरचा आकडा अठ्ठ्याण्णवावर आला, कीं घरांतील मंडळी सुस्कारा टाकतात, देवापुढें साखर ठेवतात आणि रोग्याला बजावतात, "आतां महिनाभर खाटेवरून हलूं नका." या सल्ल्यांत माया आहे यांत शंका नाहीं. परंतु वैद्यकशास्त्रानें गेल्या कांहीं वर्षांत जें दाखवून दिलें आहे तें पाहतां, त्यांतील न हलण्याचा भाग पुष्कळांना अपायकारक ठरण्याचा संभव आहे. विषाणूजन्य तापांतून उठलेला मनुष्य पुढें कांहीं आठवडे एका निराळ्या धोक्याच्या छायेंत वावरत असतो. रक्तवाहिनींत रक्ताची गुठळी होणें, हा तो धोका. त्याविषयींच आज चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे.

मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. तेव्हां औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाहीं, आणि तसा हेतूहि नाहीं. परंतु घरांतील माणसांनीं काय पाहावें, कशाला भ्यावें, कशाला भिऊं नये, आणि डॉक्टरांकडे केव्हां धांव घ्यावी, एवढें सांगण्यास शिक्षकाची शिदोरी पुरेशी आहे, असें मला वाटतें.

खानदेशांतील लोकांना हा विषय परका नाहीं. २०२० च्या मार्चअखेर जळगांव शहरांत कोविडचा पहिला रुग्ण आढळला. पुढील दोन-तीन महिन्यांत या जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी पट वाढलें, आणि जळगांवचें नांव साऱ्या देशांत चिंतेनें घेतलें जाऊं लागलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत दुसरी लाट आली, तेव्हां जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काय किंवा धुळ्याचें श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काय, रुग्णालयांच्या दाराशीं नातेवाइकांची रीघ लागलेली असे. त्या दिवसांत एक वाक्य वरचेवर कानीं पडे : "अहो, बरा होऊन घरीं आला होता, आणि एकाएकीं गेला." अशा प्रत्येक मृत्यूचें कारण गुठळी होतें, असें म्हणतां येणार नाहीं. पण गुठळी हें त्या कारणांपैकीं एक मोठें कारण होतें, हें आतां निर्विवाद सिद्ध झालें आहे.

रक्त गोठणें हा मूळचा दोष नव्हे. तो निसर्गाचा उपकार आहे. भाजी चिरतांना बोट कापलें, तर कांहीं मिनिटांत रक्त थांबतें, तें याच गुणामुळें. प्रश्न उद्भवतो, तो वाहत्या रक्तांत, जखम नसतांना गुठळी जमली म्हणजे. ती कां जमते, हें समजण्यासाठीं आपल्या मुलखांतलाच एक दाखला घेऊं.

धुळें जिल्ह्यांत साक्रीकडे पांझरा नदीवर शेंकडों वर्षें चालत आलेली फड पद्धत आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. नदीला बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाचें पाणी शेतोशेतीं पोंचविणारा पाटकरी. हा पाट केव्हां तुंबतो? पाणी संथ झालें, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. कांठ ढासळून खडबडीत झाला, म्हणजे तेथें काडीकचरा अडकतो. आणि पाणीच गढूळ आलें, म्हणजे वाहता पाटहि हळूहळू भरूं लागतो. रक्तवाहिन्यांचेंहि असेंच आहे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें, कीं पायाच्या शिरेंत झालेली गुठळी तुटून रक्ताबरोबर वाहत हृदयांत जाते आणि तेथून फुफ्फुसांत जाऊन अडकते. गुठळी होण्याचीं जीं तीन कारणें आजहि त्याच्या नांवानें ओळखलीं जातात, तीं हींच : रक्ताचा प्रवाह मंदावणें, वाहिनीच्या आंतील अस्तरास इजा होणें, आणि रक्ताची गोठण्याची वृत्ति वाढणें.

विषाणूचा ताप हीं तिन्ही कारणें एकाच वेळीं घरांत आणतो. रोगी अंथरुणास खिळतो. त्यामुळें पायांतील प्रवाह मंदावतो. विषाणूमुळें व त्याच्याशीं लढणाऱ्या आपल्याच शरीराच्या क्षोभामुळें वाहिन्यांचें अस्तर सुजतें. त्या क्षोभांत रक्त गोठविणारीं द्रव्यें वाढतात आणि बिंबिका अधिक चिकट होतात. घाम, जुलाब आणि तोंडाची गेलेली चव यांमुळें शरीरांतील पाणीहि कमी झालेलें असतें. ताप उतरला, तरी हा सारा क्षोभ त्याच दिवशीं उतरत नाहीं. पूर ओसरल्यावर गाळ मागें राहतो, तसें हें आहे.

नुसत्या बसून राहण्यानें काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४० सालीं लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू होते. लोक रात्रीमागून रात्री आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर अवघडून काढीत. खुर्चीची पुढील आडवी पट्टी मांडीच्या मागील शिरांवर दाबली जाई. अशा लोकांपैकीं कांहीं जण सकाळीं उठून चार पावलें चालतांच कोसळून मरण पावले. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञानें त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत या मृत्यूंकडे लक्ष वेधलें : पायांतील गुठळी फुफ्फुसांत गेली होती. तीं माणसें आजारी नव्हतीं. मग तापानें क्षीण झालेल्या शरीरास महिनाभर खाटेवर निजवून ठेवणें किती धोक्याचें, याची कल्पना आपण करूं शकतां.

आतां हा धोका किती मोठा, हें आंकड्यांनीं पाहूं. कारण आंकड्यांवांचून भय हें भुतासारखें वाढतें. स्वीडनमध्यें कोविड झालेल्या दहा लक्षांहून अधिक लोकांची, न झालेल्या चाळीस लक्ष लोकांशीं तुलना करण्यांत आली. ती २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. आजारानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत पायाच्या खोल शिरेंत गुठळी होण्याचा धोका पांचपट, आणि फुफ्फुसांत गुठळी जाण्याचा तेहतीसपट आढळला. पायाचा धोका तीन महिन्यांपर्यंत आणि फुफ्फुसाचा सहा महिन्यांपर्यंत सामान्याहून अधिक राहिला. तेहतीसपट हा शब्द ऐकून छाती दडपते. पण प्रत्यक्ष संख्या पाहा : पायाची गुठळी दर दहा हजारांत चौघांना, आणि फुफ्फुसाची दर दहा हजारांत सतरा जणांना. म्हणजे बहुसंख्य लोकांना कांहींच झालें नाहीं. ज्यांचा आजार तीव्र होता, त्यांना धोका फार अधिक होता. पण घरींच बरे झालेलेहि त्यांतून सर्वस्वीं सुटले नव्हते. शिवाय पहिल्या लाटेपेक्षां पुढील लाटांत हें प्रमाण कमी होत गेलें.

हा गुण एकट्या कोविडचा आहे, असेंहि नव्हे. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, फ्लूचें निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यानें रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण सहापट आढळलें. तेव्हां कोविडची साथ मागें पडली, म्हणून हा विषयहि मागें पडला, असें समजूं नये. हिवाळ्यांतला फ्लू आपल्या घरीं दरवर्षीं येतोच.

मग घरांत पाहावयाचें तें काय? पहिली खूण पायाची. दोन्ही पायांना सारखी सूज आली, तर तिचीं कारणें बहुधा दुसरीं असतात. परंतु एकच पाय सुजला, त्याची पोटरी दुखूं लागली, हात लावला असतां गरम लागली, कातडीचा रंग पालटला, तर ती गोष्ट त्याच दिवशीं डॉक्टरांच्या कानीं घातली पाहिजे. दुसरी खूण श्वासाची. अशक्तपणाची धाप हळूहळू कमी होत जाते. पण बरें वाटूं लागलेल्या माणसास एकाएकीं दम लागला, दीर्घ श्वास घेतांना छातींत कळ आली, थुंकींतून रक्त पडलें, किंवा उठतांना भोंवळ येऊन तो पडला, तर सकाळची वाट पाहूं नये. तिसरी खूण मेंदूची : तोंड वांकडें होणें, एका बाजूचा हात लुळा पडणें, बोबडी वळणें. आणि चौथी हृदयाची : छातीवर ओझें ठेवल्यासारखें वाटून घाम फुटणें. पाय वगळून बाकीच्या खुणांपैकीं एक जरी दिसली, तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिरपूर, यावल किंवा साक्री तालुक्याच्या आडगांवीं राहणाऱ्यांनीं तर विशेष त्वरा करावी. कारण तेथें रोगापेक्षां रस्ताच लांब असतो.

या संबंधांत माझ्या माहितींतील दोन घरांची हकीकत सांगतों. धुळ्यास माझे एक स्नेही आहेत, तेहि शिक्षकच. २०२१ च्या मे महिन्यांत ते कोविडमधून घरींच बरे झाले. पंधराएक दिवसांनीं त्यांची डावी पोटरी दुखूं लागली. वहिनींनीं तिळाचें तेल गरम करावयास ठेवलें. त्यांची सून घरीं शिवणकाम करते. ती म्हणाली, "मामंजी, आधीं पाय मापूं द्या." तिनें शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या गुडघ्यापासून सारख्या अंतरावर मोजल्या. डावी पोटरी दीड इंचानें अधिक भरली. तेल चुलीवरच राहिलें आणि मंडळी रुग्णालयांत गेली. डॉप्लर सोनोग्राफींत गुठळी दिसली. तीन महिने औषध चाललें, आणि आज ते गृहस्थ रोज सकाळीं फिरावयास जातात.

दुसरें घर चोपड्याकडचें. तेथेंहि असाच एक पाय सुजला होता. चार दिवस घरच्यांनीं तो शेकला आणि मायेनें चोळला. पांचव्या दिवशीं त्या माणसाला धाप लागली, आणि गाडी जळगांवच्या वेशींत येण्यापूर्वींच सारें आटोपलें. चोळल्यामुळेंच तसें झालें, असें ठामपणें कोण सांगणार? पण सुजलेल्या एका पायाला चोळूं नये, कारण गुठळीचा तुकडा सुटण्याची भीति असते, हें डॉक्टर आवर्जून सांगतात. त्या घरांतील माणसांना दोष देण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. त्यांची माया कोणाहून कमी नव्हती. त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, इतकेंच. सांगणें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांचें काम आहे.

यापुढें औषधाची गोष्ट येते, आणि येथें उलट बाजूचा इशारा दिला पाहिजे. २०२१ नंतर कित्येक घरांत ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतल्या जाऊं लागल्या. या गोळ्या रक्त पाण्यासारखें पातळ करीत नाहींत; त्या त्याची गोठण्याची शक्ति कमी करतात. त्यांपैकीं एका जुन्या औषधाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत एक शेतकरी आपली मेलेली कालवड आणि तिचें न गोठणारें रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे गेला. गुरें बुरसलेला चारा खाऊन रक्तस्रावानें मरत होतीं. त्या चाऱ्यांतील द्रव्याचा शोध लागला, आणि त्यावरून पुढें वॉरफरिन तयार झालें. १९४८ पासून तें प्रथम विकलें गेलें, तें उंदीर मारण्यासाठीं. माणसाचें औषध तें नंतर झालें. ज्या द्रव्याचा प्राण वांचविण्यास आणि प्राण घेण्यास सारखाच उपयोग होतो, तें शेजाऱ्याच्या डबींतून घेणें शहाणपणाचें नव्हे.

कोणाला औषध द्यावें, हा प्रश्न तज्ज्ञांनाहि सोपा गेला नाहीं. ब्राझिलमध्यें, गुठळीचा धोका अधिक असलेल्या कोविड रुग्णांना रुग्णालयांतून घरीं जातांना पस्तीस दिवस एक गोळी देऊन पाहिली. ती घेणाऱ्यांत शेंकडा तीन जणांना त्रास झाला, न घेणाऱ्यांत शेंकडा नऊ जणांना. उलट अमेरिकेंत, घरींच राहिलेल्या सौम्य आजाराच्या लोकांत ॲस्पिरीनचा किंवा तत्सम गोळ्यांचा उपयोग आहे काय, हें पाहावयास गेले, तों त्यांच्यांत गुठळ्या इतक्या थोड्या आढळल्या, कीं तो प्रयोगच आवरता घ्यावा लागला. तात्पर्य, निवडक माणसास औषध लाभदायक आहे. सर्वांनीं सरसकट घेण्यासारखें तें नाहीं. कर्करोग असलेले, पूर्वीं गुठळी झालेले, अतिदक्षता विभागांत राहून आलेले, गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, स्त्रीसंप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या, अति स्थूल आणि वयस्क माणसें यांनीं घरीं येण्यापूर्वींच डॉक्टरांस याविषयीं विचारावें. ज्यांना गोळी लिहून दिली आहे, त्यांनीं ती आपल्या मनानें बंदहि करूं नये.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यूचा ताप येतो. त्यांत बिंबिका कमी होऊन रक्तस्रावाचा धोका असतो. तेव्हां ताप कशाचा आहे हें कळण्यापूर्वीं ॲस्पिरीन घेणें म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडण्यासारखें आहे.

डी-डायमर या तपासणीविषयींहि दोन शब्द. गुठळी विरघळतांना जे कण रक्तांत उतरतात, त्यांचें तें मोजमाप. पण तो आंकडा वयानें, कोणत्याहि संसर्गानें, गरोदरपणांतहि वाढतो. केवळ कागदावरचा आंकडा पाहून झोंप उडवून घेऊं नये. आणि पाय सुजलेला असतां, आंकडा ठीक आहे म्हणून स्वतःच निश्चिंतहि होऊं नये. लक्षण आणि तपासणी यांचा मेळ घालणें हें डॉक्टरांचें काम.

लसीमुळें गुठळ्या होतात, असा बोभाटा मध्यंतरीं झाला. तो सर्वस्वीं खोटा नव्हता. मे २०२१ मध्यें भारत सरकारच्या समितीनें कळविलें, कीं संभाव्य गुठळीच्या नोंदी दर दहा लक्ष डोसांमागें ०.६१ इतक्या आहेत. म्हणजे धोका होता, पण अतिशय विरळ. त्याच वर्षीं इंग्लंडांतील एका मोठ्या अभ्यासांत त्या जातीच्या लसीच्या पहिल्या डोसानंतर दर एक कोटींत शिरांच्या गुठळीचे सहासष्ट जास्तीचे रुग्ण आढळले. प्रत्यक्ष कोविडनंतर मात्र बारा हजारांहून अधिक. दोन्ही आंकडे शेजारीं ठेवल्याखेरीज न्याय होत नाहीं.

शेवटीं, घरांतल्या घरांत काय करावें? विश्रांति आणि निश्चलता या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्याला डॉक्टरांनीं मना केलेलें नाहीं, अशा रोग्यानें जागेपणीं दर तासा-दीड तासानें उठून घरांत चार फेऱ्या घालाव्यात. उठवत नसेल, तर पडल्यापडल्या पावलें वर-खालीं हलवावींत. पोटरीचे स्नायु आवळले, म्हणजे पायांतलें रक्त वर लोटलें जातें. पोटरी हें पायाचें दुसरें हृदयच आहे. तालीम मात्र इतक्यांत नको. खानदेशाचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हां पाणी, ताक, सरबत यांची आठवण रोग्यास करून द्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं मात्र पाण्याचें मान डॉक्टरांस विचारून ठेवावें. बरें झाल्यावर पहिल्या महिन्यांत पुण्या-मुंबईचा रात्रभराचा बसप्रवास टाळतां आला तर टाळावा. टाळतां न आल्यास गाडी थांबेल तेथें उतरून पाय मोकळे करावे. तंबाखू व विडी यांना तर कायमचा निरोप द्यावा.

आणि रोज सकाळीं रोग्याचें तोंड पाहतां, तसे त्याचे पायहि पाहावे. दोन्ही सारखे आहेत ना, एवढेंच. याला पैसा लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. फक्त ताप उतरल्यावरहि महिना-दोन महिने लक्ष जागें ठेवावें लागतें. आपल्या घरीं रोग्याची सेवा करणारे हात पुष्कळ आहेत. त्या हातांना ही एवढी माहिती मिळाली, तर चोपड्याकडच्या त्या घरासारखा प्रसंग दुसऱ्या एखाद्या घरावर ओढवणार नाहीं, असा मला विश्वास वाटतो.